गंधकाचा माग : होमोसिस्टीन, इन्सुलिन, बायोटिन आणि ऑक्सिटोसिन यांना जोडणारे संशोधन

‘फुल बॉडी चेकअप’चा रिपोर्ट हातात आला की आपण आधी ठळक छापलेले आकडे शोधतो. त्यात हल्ली एक नाव वारंवार दिसते : होमोसिस्टीन. आकड्यासमोर ‘हाय’ लिहिलेले असते. मोबाइलवर शोधले की पहिल्याच ओळीत हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात. मग घरातले सगळे घाबरतात, आणि कोणीतरी मेडिकलमधून गोळ्यांची स्ट्रिप घेऊन येतो.

होमोसिस्टीन हा गंधक असलेला एक पदार्थ आहे. व्हिन्सेंट डू व्हीन्यो या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह तो १९३२ साली प्रयोगशाळेत मिळवला. त्यांनी जवळजवळ सगळी कारकीर्द एकाच प्रश्नामागे घालवली : सजीवांच्या शरीरात गंधक काय करते? या शोधात त्यांच्या वाटेवर इन्सुलिन, होमोसिस्टीन, बायोटिन, पेनिसिलिन आणि ऑक्सिटोसिन आले. आज यातले काही ना काही जवळपास प्रत्येक घरातल्या औषधांच्या डब्यात किंवा रिपोर्टच्या फाइलमध्ये असते.

हा माग समजला की ‘होमोसिस्टीन वाढले’ याचा अर्थ लावणे सोपे जाते. म्हणून या लेखात संशोधनाची गोष्ट आणि तुम्हाला उपयोगी पडेल अशी माहिती बरोबरच दिली आहे.

शरीरातले गंधक म्हणजे नेमके काय?

गंधक म्हटले की फटाक्यांची दारू किंवा खरजेचे मलम आठवते. शरीरातले गंधक अशा पिवळ्या भुकटीच्या रूपात नसते. ते मुख्यतः प्रथिनांमध्ये, दोन अमिनो आम्लांच्या आत बसलेले असते : मेथिओनिन आणि सिस्टीन. केस जळल्यावर येणारा उग्र वास आणि अंडे जास्त उकडल्यावर बलकाभोवती दिसणारी हिरवट कडा, ही दोन्ही याच गंधकाची करामत.

मेथिओनिन आपले शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच मिळावे लागते. डाळींमध्ये ते तुलनेने कमी असते, तर तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी यांमध्ये त्या मानाने बरे असते. वरण-भात किंवा भाकरी-पिठले एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. सिस्टीन मात्र शरीर मेथिओनिनपासून बनवू शकते. ते कसे, हे डू व्हीन्यो यांनी उलगडले.

सिस्टीनचा एक खास गुण आहे. दोन सिस्टीन जवळ आली की त्यांच्या गंधकांची एकमेकांशी गाठ बसू शकते. या गाठीला डायसल्फाइड बंध म्हणतात. केसांना ताकद आणि आकार देण्यात या गाठींचा मोठा वाटा आहे. पार्लरमध्ये केस कायमचे सरळ किंवा कुरळे करताना जे रसायन लावतात, ते आधी हीच गाठ सोडवते. ही गाठ पुढे इन्सुलिन आणि ऑक्सिटोसिनमध्येही भेटणार आहे.

डू व्हीन्यो कोण होते?

त्यांचा जन्म १८ मे १९०१ रोजी शिकागोत झाला. इलिनॉय विद्यापीठात त्यांनी रसायनशास्त्राच्या पदव्या घेतल्या. ते शिकत होते तेव्हा जगभर एकाच औषधाची चर्चा होती. कॅनडातील टोरंटो येथे १९२१ साली इन्सुलिनचा शोध लागला होता, आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका मधुमेही मुलाला दिले गेले होते. त्याआधी लहान मुलांमधला मधुमेह म्हणजे काही महिन्यांचे किंवा फार तर एक-दोन वर्षांचे आयुष्य, असे गणित होते.

इन्सुलिन गुणकारी आहे हे दिसत होते, पण ते रासायनिकदृष्ट्या आहे तरी काय, हे कोणालाच नीट माहीत नव्हते. त्यात गंधक असते, एवढा धागा मिळाला होता. रोचेस्टर विद्यापीठात डू व्हीन्यो यांनी इन्सुलिनमधील गंधक हाच विषय घेऊन १९२७ साली पीएच.डी. मिळवली.

नंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ, मग जर्मनी आणि ब्रिटनमधील प्रयोगशाळा, पुन्हा इलिनॉय, त्यानंतर १९३२ पासून वॉशिंग्टनमधील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आणि १९३८ पासून न्यूयॉर्कमधील कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालय, असा त्यांचा प्रवास झाला. ते डॉक्टर नव्हते, पण १९३२ नंतरची त्यांची बहुतेक वर्षे वैद्यकीय महाविद्यालयांत गेली. १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सजीवांना महत्त्वाच्या असलेल्या गंधकयुक्त संयुगांवरील काम, आणि विशेषतः अमिनो आम्लांच्या साखळीने बनलेले एक संप्रेरक प्रथमच प्रयोगशाळेत तयार करणे, यासाठी हा गौरव होता. ११ डिसेंबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

पहिला थांबा : इन्सुलिन

१९२६ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉन एबल यांनी इन्सुलिनचे स्फटिक मिळवले. डू व्हीन्यो तेथे गेले आणि त्या स्फटिकांतील गंधक सिस्टीनच्या रूपात असते हे त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखवले. स्फटिकांत इतरही अमिनो आम्ले सापडली. म्हणजे इन्सुलिन हे प्रथिन असावे. त्या काळी हे सगळ्यांना पटत नव्हते. प्रथिन केवळ वाहक आहे आणि खरे औषध त्याला चिकटलेला दुसराच एखादा छोटा पदार्थ आहे, असे अनेकांना वाटत होते.

पुढे त्यांनी हेही दाखवले की इन्सुलिनमधील गंधकाची गाठ सोडवली की इन्सुलिनचा गुण जातो. आज आपल्याला माहीत आहे की इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचे असते, दोन साखळ्यांचे असते, आणि त्यात अशा तीन गाठी असतात. त्यांतल्या दोन या दोन साखळ्यांना एकत्र धरून ठेवतात.

तुमच्यासाठी यातून काय निघते?

- इन्सुलिन प्रथिन आहे, म्हणून ते नुसते गिळून चालत नाही. डाळ किंवा अंड्यातले प्रथिन जसे पचते, तसेच तेही पोटात आणि आतड्यात तुटते. ‘इंजेक्शनच का, गोळी का नाही?’ या प्रश्नाचे मूळ उत्तर हे.
- इन्सुलिनचा आकार नाजूक असतो. न उघडलेली बाटली किंवा पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवू नका. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरायचे नाही.
- वापरात असलेले इन्सुलिन बहुतेक प्रकारांत सुमारे ४ आठवडे साधारण तापमानाला टिकते, पण उष्णता ३० अंशांच्या वर नको. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात घरातले तापमान सहज याच्या वर जाते. घरात फ्रिज नसेल तर मातीच्या भांड्यात, ओल्या वाळूच्या गारव्यात, पाणी आत जाणार नाही अशा डबीत ठेवा. नक्की मुदत पाकिटातील माहितीपत्रकावर पाहा.
- साखर अचानक नियंत्रणाबाहेर गेली, खाण्यात किंवा डोसमध्ये काही बदल नसेल, तर इन्सुलिन उन्हात किंवा गाडीत राहिले होते का, हेही आठवा आणि डॉक्टरांना सांगा.

दुसरा थांबा : होमोसिस्टीन

सिस्टीनचे काम चालू असतानाच प्रश्न आला की शरीर मेथिओनिनपासून सिस्टीन कसे बनवते. १९३२ साली डू व्हीन्यो आणि त्यांच्या सहकाऱ्याने मेथिओनिनवर तीव्र गंधकाम्लाची क्रिया केली. त्यातून सिस्टीनसारखाच, पण एक कार्बन जास्त असलेला पदार्थ मिळाला. तो सिस्टीनच्या कुळातला, म्हणून होमोसिस्टीन.

मग उंदरांवरचे प्रयोग सुरू झाले. आहारात मेथिओनिन नसेल तर उंदरांची वाढ थांबते. मेथिओनिनच्या जागी होमोसिस्टीन दिले तर? कधी उंदीर वाढत, कधी वाढत नसत. फरक होता तो सोबत दिलेल्या जीवनसत्त्वांच्या मिश्रणात. शेवटी १९३९ साली कळले की कोलीन नावाचा पदार्थ असेल तर उंदीर वाढतात. कोलीनकडून ‘मिथाइल’ नावाचा एक छोटा तुकडा होमोसिस्टीनला मिळतो आणि त्याचे पुन्हा मेथिओनिन होते. म्हणजे हा रस्ता दुतर्फा आहे.

दुसरी बाजू १९४४ साली स्पष्ट झाली. त्यांनी खुणेचे अणू वापरले : मेथिओनिनमधले गंधक आणि कार्बन नेहमीपेक्षा थोडे जड, म्हणजे पुढे ओळखता येतील असे. ते उंदरांना खाऊ घातले आणि नंतर त्यांच्या केसांतले सिस्टीन तपासले. त्यात खुणेचे गंधक होते, पण खुणेचा कार्बन नव्हता. याचा अर्थ मेथिओनिन आपले फक्त गंधक देते, बाकीचा सांगाडा सेरीन नावाच्या दुसऱ्या अमिनो आम्लातून येतो. हे गंधक हस्तांतरित होते ते होमोसिस्टीनच्या मार्फत.

हा सगळा रस्ता डोळ्यांसमोर आणा. मेथिओनिनपासून होमोसिस्टीन बनते. तेथे एक तिठा लागतो. एक वाट मागे वळते आणि पुन्हा मेथिओनिनकडे जाते. या वाटेवर फॉलिक ॲसिड आणि जीवनसत्त्व बी-१२ लागते. दुसरी वाट पुढे सिस्टीनकडे जाते. तिथे जीवनसत्त्व बी-६ लागते. दोन्ही वाटा मोकळ्या असतील तर तिठ्यावर गर्दी होत नाही. एखादी वाट अडली की होमोसिस्टीन साचते आणि रक्तात वाढलेले दिसते.

रिपोर्टमध्ये होमोसिस्टीन वाढले असेल तर

बहुतेक लॅब साधारण ५ ते १५ मायक्रोमोल प्रति लिटर ही पातळी सामान्य मानतात. वाढलेला आकडा हा स्वतः आजार नाही. कुठली तरी वाट अडली आहे, एवढेच तो सांगतो. अडथळा शोधणे हे खरे काम.

आधी हे तपासा :

- बी-१२ची कमतरता. आपल्याकडे हे सर्वांत महत्त्वाचे कारण आहे. पुण्यातील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन गटांतील ४४१ पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळले आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले आढळले. बी-१२ नैसर्गिकरीत्या दूध-दही, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळते. भाज्या आणि डाळींत ते नसते.
- फॉलिक ॲसिडची कमतरता. पालेभाज्या आणि कडधान्ये यांत ते असते, पण भाजी फार वेळ शिजवली की बरेचसे नष्ट होते.
- चालू औषधे. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या अनेक वर्षे घेतल्या तर बी-१२ कमी होऊ शकते. फिट्सची आणि संधिवाताची काही औषधे फॉलिक ॲसिडच्या कामात अडथळा आणतात. कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नका, फक्त डॉक्टरांना यादी दाखवा.
- किडनी आणि थायरॉइड. किडनीचे काम मंदावले किंवा थायरॉइड कमी पडत असेल तरी आकडा वाढतो. म्हणून क्रिएटिनिन आणि टीएसएच पाहावे लागते.
- नमुना कसा हाताळला. रक्त काढल्यावर ते तासन्‌तास तसेच राहिले तर रक्तपेशींतून होमोसिस्टीन बाहेर येत राहते आणि आकडा खोटा वाढतो. घरी येऊन रक्त नेले असेल आणि आकडा थोडाच जास्त असेल, तर उपाशीपोटी लॅबमध्ये जाऊन पुन्हा तपासणे योग्य.

गोळ्या घेऊन हृदयविकार टळतो का?

१९६०च्या दशकात होमोसिस्टीन्युरिया हा दुर्मीळ आनुवंशिक आजार ओळखला गेला. त्यात होमोसिस्टीन अतिशय वाढते, बऱ्याचदा १००च्या वर. अशा रुग्णांत लहान वयातच रक्ताच्या गुठळ्या होतात, डोळ्यातील भिंग जागेवरून सरकते. १९६९ साली किल्मर मॅककली या अमेरिकी डॉक्टरांनी मांडले की होमोसिस्टीनमुळे रक्तवाहिन्यांना इजा होते. त्यातून प्रश्न उभा राहिला : थोडेसे वाढलेले होमोसिस्टीन कमी केले तर सर्वसाधारण माणसाचा हृदयविकार टळेल का?

याचे उत्तर मोठ्या चाचण्यांनी दिले. २००६ साली ‘होप-२’ आणि ‘नॉरव्हिट’ या दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. होप-२ मध्ये हृदय-रक्तवाहिन्यांचा आजार किंवा मधुमेह असलेले ५,५२२ रुग्ण होते, नॉरव्हिटमध्ये झटका येऊन गेलेले ३,७४९. फॉलिक ॲसिड आणि बी गटातील जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन खरोखर कमी झाले, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. पक्षाघाताबाबत चित्र थोडे वेगळे आहे. होप-२ मध्ये पक्षाघात काहीसे कमी दिसले. २०१५ साली चीनमध्ये उच्च रक्तदाबाच्या २०,७०२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत रक्तदाबाच्या गोळीबरोबर फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांत पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण ३.४ टक्क्यांऐवजी २.७ टक्के राहिले.

याचा व्यवहारातला अर्थ असा :

- कमतरता असेल तर ती जरूर भरून काढा. रक्त, मज्जातंतू आणि मेंदूसाठी ते आवश्यक आहे.
- कमतरता नसताना, केवळ हृदय वाचेल म्हणून वर्षानुवर्षे गोळ्या घेण्याला आधार नाही.
- रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांवरचा उपचार सोडून होमोसिस्टीनच्या मागे लागू नका. झटका टाळण्यात या चौघांचा वाटा कितीतरी मोठा आहे.
- बी-१२ न तपासता एकटे फॉलिक ॲसिड घेत राहू नका. त्याने रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, पण बी-१२च्या अभावाने मज्जातंतूंची झीज आत चालूच राहते. (गर्भधारणेपूर्वी आणि पहिल्या तीन महिन्यांत दिले जाणारे फॉलिक ॲसिड वेगळे. बाळाच्या मेंदू-मणक्याच्या वाढीसाठी ते घ्यायलाच हवे.)

हे असेल तर डॉक्टरांकडे लवकर जा : हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा, अंधारात चालताना तोल जाणे, जीभ लाल होऊन दुखणे, वाढता विसराळूपणा, दम लागणे. तसेच तरुण वयात पायात किंवा मेंदूत गुठळी झाली असेल, आकडा फार जास्त असेल, किंवा मुलाला डोळ्याच्या भिंगाचा त्रास, उंच-सडपातळ बांधा आणि शिकण्यात अडचण हे एकत्र असेल, तर होमोसिस्टीन्युरियाची तपासणी आवश्यक आहे. त्यातील सुमारे निम्म्या रुग्णांना बी-६च्या मोठ्या डोसचा चांगला उपयोग होतो. हा उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचा असतो.

तिसरा थांबा : बायोटिन

फार पूर्वी असे दिसले होते की उंदरांना कच्च्या अंड्याचा पांढरा भाग भरपूर खायला दिला तर त्यांची त्वचा खराब होते आणि केस गळतात. यकृतातील एका घटकाने ते बरे होत. १९४० साली पॉल ग्योर्गी यांच्याबरोबर काम करून डू व्हीन्यो यांनी दाखवले की तो घटक म्हणजेच बायोटिन. १९४२ साली त्यांच्या गटाने बायोटिनची रचना मांडली. या जीवनसत्त्वातही गंधक आहे. अंड्याच्या पांढऱ्या भागातील ॲव्हिडिन नावाचे प्रथिन बायोटिनला घट्ट पकडून ठेवते. अंडे शिजवले की ॲव्हिडिन निकामी होते. म्हणून व्यायामशाळेत कच्ची अंडी पिण्याची पद्धत या कारणानेही टाळावी.

प्रौढ माणसाची बायोटिनची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम आहे. केसांसाठी मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असते. १० मिलिग्रॅम म्हणजे गरजेच्या ३०० पटींहून जास्त. कमतरता नसलेल्या माणसाचे केस त्याने वाढतात, असा ठोस पुरावा नाही.

पण एक धोका नक्की आहे. बायोटिनला घट्ट पकडण्याच्या याच गुणाचा वापर अनेक रक्तचाचण्यांत केला जातो. रक्तात बायोटिन भरपूर असेल तर अशा चाचण्या फसतात. टीएसएच खोटे कमी आणि थायरॉइड संप्रेरके खोटी जास्त दिसू शकतात, म्हणजे निरोगी माणसाला थायरॉइड वाढल्याचे निदान. हृदयविकाराच्या झटक्यात पाहिले जाणारे ट्रोपोनिन खोटे कमी दिसू शकते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१७ साली याबद्दल इशारा दिला. त्यात ट्रोपोनिन चुकीने कमी आल्यानंतर झालेल्या एका मृत्यूचाही उल्लेख होता.

- रक्तचाचणीच्या किमान २ दिवस आधी बायोटिनची गोळी बंद ठेवा. डोस मोठा असेल तर किती दिवस, ते लॅबला विचारा.
- छातीत दुखत असेल तर थांबायचे नाही. ताबडतोब रुग्णालयात जा आणि ‘मी केसांची गोळी घेतो’ किंवा ‘घेते’ हे तिथे पहिल्यांदा सांगा.

चौथा थांबा : पेनिसिलिन आणि ग्लुटाथायोन

दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन कृत्रिमरीत्या बनवण्यासाठी ब्रिटन-अमेरिकेतील अनेक प्रयोगशाळा झटत होत्या. पेनिसिलिनमध्येही गंधक आहे. डू व्हीन्यो यांच्या गटाने अत्यल्प प्रमाणात का होईना, पेनिसिलिन-जी तयार करून दाखवले आणि १९४६ साली ते जाहीर केले. कारखान्यात मात्र पेनिसिलिन बुरशीपासूनच मिळवत राहिले.

त्याआधी, १९३६ साली त्यांनी ग्लुटाथायोन बनवण्याची एक रीतही दिली होती. सिस्टीन असलेला हा छोटा रेणू आपल्या यकृताचा पहारेकरी आहे. पॅरासिटामॉलपासून यकृतात थोडासा विषारी पदार्थ तयार होतो, तो ग्लुटाथायोन निकामी करतो. डोस प्रमाणाबाहेर गेला की ग्लुटाथायोन संपते आणि यकृताला इजा होते. अशा वेळी एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध देतात. ते शरीराला सिस्टीन पुरवते आणि त्यातून ग्लुटाथायोन पुन्हा बनते. पहिल्या ८ तासांत दिले तर ते अतिशय परिणामकारक ठरते. म्हणून कोणी चुकून किंवा रागाच्या भरात पॅरासिटामॉलच्या जास्त गोळ्या घेतल्या असतील, तर ‘अजून काही त्रास नाही’ म्हणून वाट पाहू नका. पहिल्या दिवशी बहुधा फारसा त्रास होतच नाही.

पाचवा थांबा : ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीच्या मागच्या भागातील अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे १९०६ साली हेन्री डेल यांनी पाहिले होते. प्रसूतीच्या वेळी हा अर्क वापरलाही जाऊ लागला. पण तो जनावरांच्या ग्रंथींतून काढलेला असे आणि त्यात रक्तदाब वाढवणारा दुसरा घटकही मिसळलेला असे.

डू व्हीन्यो यांनी हे दोन घटक वेगळे केले : ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन. दोन्ही प्रत्येकी फक्त ९ अमिनो आम्लांचे. दोन्हींत गंधकाची एकेक गाठ आणि त्यामुळे तयार झालेले कडे. दोघांत फरक फक्त दोन अमिनो आम्लांचा, पण एक गर्भाशय आकुंचित करते, तर दुसरे लघवीवाटे जाणारे पाणी रोखते. १९५३ साली त्यांनी ऑक्सिटोसिनची रचना सांगितली आणि ते प्रयोगशाळेत जोडून तयारही केले. न्यूयॉर्कमधील प्रसूती रुग्णालयात ते वापरून पाहिले, तेव्हा ते नैसर्गिक ऑक्सिटोसिनइतकेच गुणकारी ठरले. नोबेल पारितोषिक आले ते याच कामाच्या पाठोपाठ.

आज प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव टाळण्यासाठी प्रत्येक बाळंतिणीला ऑक्सिटोसिनचे १० युनिट द्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ‘बाळ तर झाले, आता इंजेक्शन कशाला?’ असे घरातले विचारतात, त्याचे उत्तर हे. वार पडल्यावर गर्भाशय घट्ट आकसले नाही तर काही मिनिटांत जिवावर बेतेल इतके रक्त जाऊ शकते.

- ऑक्सिटोसिनही थंड जागीच, २ ते ८ अंशांना ठेवावे लागते. उष्णतेने त्याची ताकद जाते.
- ‘कळा लवकर याव्यात’ म्हणून घरी किंवा अप्रशिक्षित व्यक्तीकडून हे इंजेक्शन कधीही घेऊ नका. गर्भाशय फाटू शकते, बाळाचा प्राणवायू कमी होऊ शकतो.
- दुभत्या जनावरांना पान्हा सोडण्यासाठी हे इंजेक्शन देणे गुन्हा आहे. या गैरवापरामुळे २०१८ साली केंद्र सरकारने खासगी कंपन्यांच्या उत्पादनावर बंदी घातली होती. मातांना औषध मिळण्यात अडचण येईल, हेही लक्षात घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती रद्द केली.

व्हॅसोप्रेसिनमध्ये थोडा बदल करून पुढे डेस्मोप्रेसिन हे औषध बनले. सतत प्रचंड लघवी होणाऱ्या ‘डायबेटिस इन्सिपिडस’ या आजारात आणि काही मुलांच्या अंथरुणात लघवी होण्यावर ते देतात. या आजाराचा साखरेशी संबंध नाही. हे औषध चालू असताना रात्री पाणी कमी प्यायचे असते, नाहीतर रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या कमी होऊ शकते.

‘मला सल्फाची ॲलर्जी आहे. मग गंधक चालेल का?’

हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. सल्फा ही औषधांची एक जात आहे, उदाहरणार्थ को-ट्रायमॉक्सॅझोल. ॲलर्जी त्या औषधांच्या विशिष्ट रचनेची असते, गंधकाची नसते. शरीरातील प्रत्येक पेशीत गंधक आहे, त्यामुळे गंधकाची ॲलर्जी घेऊन कोणी जगूच शकणार नाही. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना इन्सुलिन, बायोटिन, मॅग्नेशियम सल्फेट, तसेच कांदा-लसूण त्या कारणाने वर्ज्य नाहीत. पण कोणत्या औषधाने काय त्रास झाला होता, ते कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवा.

लक्षात ठेवा

१९५२ साली डू व्हीन्यो यांच्या व्याख्यानांचे पुस्तक निघाले. त्याच्या शीर्षकात त्यांनी आपल्या संशोधनाला ‘ट्रेल’, म्हणजे माग, म्हटले होते. रिपोर्ट वाचताना हीच पद्धत उपयोगी पडते.

- होमोसिस्टीन वाढले तर घाबरू नका. बी-१२, फॉलिक ॲसिड, क्रिएटिनिन, टीएसएच आणि चालू औषधे यांचा माग काढा.
- कारण सापडले की त्याचा उपचार करा आणि साधारण २-३ महिन्यांनी आकडा पुन्हा पाहा.
- रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉलची औषधे चालू ठेवा. तंबाखू बंद करा.
- रक्ततपासणीआधी केसांच्या गोळ्यांची माहिती लॅबला आणि डॉक्टरांना द्या.
- इन्सुलिन उन्हापासून जपा, पण गोठवू नका.

हा लेख माहितीसाठी आहे. तुमचा रिपोर्ट, वय, इतर आजार आणि चालू औषधे पाहून निर्णय तुमचे डॉक्टरच घेऊ शकतात. जाताना जुने रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप सोबत न्या.